आधी कोणाचे ऐकायचे? सर्च इंजिनांच्या क्रमवारीचा इतिहास

हल्ली वादातले शेवटचे वाक्य ठरलेले असते : "गूगलवर बघा." वाद इतिहासाचा असो, औषधाचा असो की धर्माचा, गूगलवर जे सगळ्यात वर दिसते ते खरे, असे आपण न बोलता मान्य करून टाकले आहे. पण तोच प्रश्न मायक्रोसॉफ्टच्या बिंगला विचारला, रशियातल्या यांडेक्सला विचारला किंवा चीनमधल्या बायडूला विचारला, तर उत्तरांचा क्रम बदलतो. जग तेच, वेबवरची पाने बरीचशी तीच. मग पहिला क्रमांक दर ठिकाणी वेगळ्याला कसा मिळतो?

याचे कारण असे की शोधणे हा सर्च इंजिनच्या कामाचा लहान भाग आहे. एखादा शब्द असलेली लाखो पाने सापडतात. वाचणारा त्यांतली पहिली पाच-दहा बघतो आणि थांबतो. म्हणून खरे काम आहे ते क्रम लावण्याचे. आणि क्रम लावायचा म्हणजे कोणावर विश्वास ठेवायचा ते ठरवायचे. या विश्वासाची कसोटी प्रत्येक कंपनीची वेगळी आहे आणि ती काळानुसार बदलतही गेली आहे. तिचा इतिहास मुसलमान वाचकाला अगदीच परका वाटू नये. 'हे कोणी सांगितले, आणि सांगणारा किती भरवशाचा?' हा प्रश्न आपल्या विद्वानांनी बाराशे वर्षांपूर्वी फार बारकाईने हाताळला होता.

शब्द मोजण्याचा काळ

१९९० साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटेज या विद्यार्थ्याने 'आर्ची' हा प्रोग्रॅम तयार केला. तो फक्त फायलींची नावे शोधायचा. १९९४ मध्ये स्टॅनफर्डच्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी याहूची सुरुवात केली. याहू त्या वेळी एक विषयवार यादी होती. कोणते संकेतस्थळ कोणत्या कप्प्यात ठेवायचे हे माणसे ठरवत, जसे वाचनालयात ग्रंथपाल ठरवतो. वेब वाढत गेले तशी ही पद्धत अपुरी पडू लागली.

डिसेंबर १९९५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीने अल्टाव्हिस्टा सुरू केले. ते पानावरचा प्रत्येक शब्द नोंदवून ठेवत असे. क्रम लावण्याची कसोटी ढोबळमानाने अशी : विचारलेला शब्द पानावर किती वेळा आला, शीर्षकात आहे का, सुरुवातीलाच आहे का. म्हणजे पानाची लायकी ते पान स्वतःबद्दल काय म्हणते यावरून ठरे. स्वतःची साक्ष स्वतःच द्यायची असेल तर खोटे बोलणे सोपे असते. लोकांनी पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत तोच तो शब्द शेकडो वेळा लिहिला. वाचणाऱ्याला तो दिसत नसे, यंत्राला मात्र दिसे. अशी फसवी पाने वर चढू लागली.

१९९८ मध्ये बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉमने सरळ लिलाव मांडला. जो जास्त पैसे देईल तो वर. एका बाबतीत गोटू प्रामाणिक होते : जाहिरातदार एका क्लिकमागे किती पैसे देतो तो आकडा निकालाशेजारी छापलेला असे.

शिफारशीची किंमत

पुढचे पाऊल संशोधनाच्या जगातून आले. यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये अशी कल्पना मांडली की कोणत्या शोधनिबंधाचा दाखला कोणी कोणी दिला, याची सूची करावी. १९६०च्या दशकात 'सायन्स सायटेशन इंडेक्स' निघू लागला. दुसऱ्या विद्वानांनी दाखला देणे ही निबंधाच्या वजनाची खूण मानली गेली.

वेबवर दाखल्याची जागा दुव्याने, म्हणजे लिंकने घेतली. १९९६ मध्ये अमेरिकेत नोकरी करणाऱ्या रॉबिन ली या चिनी अभियंत्याने 'रँकडेक्स' ही दुव्यांवर आधारलेली पद्धत तयार केली. १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 'पेजरँक' मांडली. पेज यांच्या पेटंटमध्ये ली यांच्या कामाचा उल्लेख आहे. ली यांनी २००० साली बीजिंगमध्ये बायडू काढले. म्हणजे आज ज्या दोन कंपन्या दोन वेगळ्या जगांच्या दारात उभ्या आहेत, त्यांचे मूळ एकाच विचारात आहे.

पेजरँकचा गाभा समजायला सोपा आहे. तुमच्याकडे बोट दाखवणारे किती, एवढेच त्यात मोजत नाहीत. बोट दाखवणाऱ्याचे स्वतःचे वजन किती, तेही पाहतात. शिवाय तो ज्या ज्या पानांकडे बोट दाखवतो त्यांच्यात त्याचे वजन वाटले जाते. ज्याने शंभर जणांना शिफारसपत्र दिले त्याच्या पत्राची किंमत कमी. ज्याने दोघांनाच दिले त्याची जास्त.

हदीसशास्त्राशी ओळख असलेल्याला इथे काहीतरी आठवेल. जे वाचक या परंपरेतले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात : प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या वचनाची किंवा कृतीची नोंद म्हणजे हदीस. तिच्यासोबत 'याने त्याच्याकडून ऐकले, त्याने अमक्याकडून' अशी साखळी असते. ती सनद. साखळीतला प्रत्येक कथन करणारा म्हणजे रावी. वचन कितीही सुंदर असो, सनद तुटलेली असेल किंवा रावी बेभरवशाचा असेल, तर हदीस कमकुवत ठरते. इथे हदीस आणि वेबपान यांची बरोबरी करायची नाही. दोन्हींसमोरचा प्रश्न एक होता, आणि तो सोडवताना काय पाळले गेले, काय सुटले, एवढेच पाहायचे आहे.

दोन सर्वांत मान्य संग्रह इमाम बुखारी (निधन ८७०) आणि इमाम मुस्लिम (निधन ८७५) यांचे. दोघे समकालीन, निशापूरमध्ये त्यांची भेट झाली होती आणि इमाम मुस्लिम बुखारींना गुरुस्थानी मानत. तरी दोघांची कसोटी एक नव्हती. रावीने 'अमक्याकडून' एवढेच म्हटले, 'मी प्रत्यक्ष ऐकले' असे म्हटले नाही, तर काय करायचे? बुखारींच्या संग्रहाचा अभ्यास करून विद्वानांनी काढलेला निष्कर्ष असा की दोघांची भेट झाल्याचा पुरावा त्यांना हवा असे. इमाम मुस्लिम यांच्या मते दोघे एका काळातले असणे, भेट शक्य असणे आणि रावी फसवणारा नसणे पुरेसे होते. आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी जास्त कडक अट घालणाऱ्यांवर, कोणाचे नाव न घेता, बरीच तिखट टीका केली आहे. मांडणीही वेगळी. बुखारी एकच हदीस विषयानुसार तुकडे करून अनेक प्रकरणांत देतात; इमाम मुस्लिम तिच्या सगळ्या सनदी एका जागी ठेवतात. बहुसंख्य विद्वानांनी बुखारींना पहिले स्थान दिले, मगरिबमधल्या काहींनी इमाम मुस्लिम यांना. दोन कसोट्या, दोन क्रम, आणि दोन्ही आदरणीय. फरक का आहे, हे विचारणाऱ्याला शोधून काढता येत होते.

एका मुळाच्या चार वाटा

दुव्यांना किंमत आली तसा दुव्यांचा बाजारही उभा राहिला. पैसे घेऊन लिंक देणाऱ्या संकेतस्थळांची जाळी विणली गेली. धार्मिक फायद्यासाठी सुऱ्यांच्या फजीलतीच्या हदीस रचणारे जसे निघाले, तसेच हे. गूगलने फेब्रुवारी २०११ मध्ये 'पांडा' बदलाने निकृष्ट मजकुरावर आणि एप्रिल २०१२ मध्ये 'पेंग्विन' बदलाने खोट्या दुव्यांवर कारवाई केली. निकाल तपासणाऱ्या माणसांसाठी गूगलची एक मार्गदर्शिका आहे. तिच्यात तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता हे निकष आहेत. २०२२च्या डिसेंबरमध्ये प्रत्यक्ष अनुभवाची भर पडली. हदीसचे विद्वान रावीत दोन गोष्टी शोधत : अदालत म्हणजे चारित्र्य, आणि जब्त म्हणजे जसेच्या तसे जपून ठेवण्याची क्षमता.

यांडेक्सची वाट वेगळी. आर्काडी वोलोझ आणि इल्या सेगालोविच यांनी १९९७ मध्ये ते सुरू केले तेव्हा त्याचे बळ भाषेच्या जाणकारीत होते. रशियन भाषेत एका शब्दाची अनेक रूपे होतात. आपल्याकडे 'मशीद'ची 'मशिदीत', 'मशिदीचा', 'मशिदींमधून' होतात तशी. ही सगळी रूपे एका शब्दाची आहेत हे ज्या यंत्राला कळते, त्याचा निकाल बदलणारच. पुढे २०१४ मध्ये यांडेक्सने मॉस्को परिसरातल्या खरेदी-विक्रीच्या काही शोधांसाठी दुव्यांचा निकषच बंद करून पाहिला. वर्षभराने दुवे परत आणले, पण विकत घेतलेल्या दुव्यांना शिक्षा ठेवली. जानेवारी २०२३ मध्ये यांडेक्सचा प्रोग्रॅम फुटला, तेव्हा त्यात क्रमवारीचे १९०० हून अधिक घटक सापडले. तेव्हा कुठे बाहेरच्या लोकांना अशा यंत्राचे पोट आतून बघायला मिळाले.

बायडूने पैशाची वाट धरली. २००१ पासून तिथे लिलावाने जागा विकल्या जात, आणि विकलेली जागा व कमावलेली जागा यांतला फरक वापरणाऱ्याला नीट कळत नसे. २०१६ मध्ये दुर्मीळ कर्करोग झालेला २१ वर्षांचा एक विद्यार्थी वारला. बायडूवर वर दिसलेल्या रुग्णालयात त्याने महागडे उपचार घेतले होते, आणि मरण्यापूर्वी त्याने आपला अनुभव लिहून ठेवला होता. देशभर संताप उसळला. सरकारी चौकशीनंतर बायडूला सांगण्यात आले की केवळ बोलीवर क्रम लावू नका, पत बघा, आणि एका पानावर जाहिराती ३० टक्क्यांच्या वर नकोत. क्रमवारी हा केवळ दुकानदारांचा विषय नाही, हे या एका मृत्यूने चीनला कळले.

बिंग २००९ मध्ये आले. मायक्रोसॉफ्ट आपल्या मार्गदर्शिकेत उघडपणे लिहिते की लोक निकालावर क्लिक करतात का, तिथे थांबतात की लगेच परततात, हे आम्ही बघतो. गूगलचे प्रतिनिधी मात्र क्लिकचा थेट वापर वर्षानुवर्षे नाकारत किंवा टाळत आले. २०२३ मध्ये अमेरिकन सरकारने भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात गूगलच्याच अधिकाऱ्याने साक्ष दिली की 'नॅवबूस्ट' नावाची व्यवस्था तेरा महिन्यांच्या क्लिकची नोंद वापरते. जे अभ्यासकांना विचारून कळले नाही, ते न्यायालयात शपथेवर कळले.

तदलीस आणि एकच रावी

याच बिंगची एक जुनी हकीकत आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने जाहीर केले की आपण सुमारे शंभर निरर्थक शब्द घेऊन त्यांना मुद्दाम असंबद्ध निकाल जोडून ठेवले होते, आणि त्यांतले काही जसेच्या तसे बिंगवर उगवले. मायक्रोसॉफ्टचा खुलासा असा की आम्ही नक्कल करत नाही. आमचे ब्राउझर आणि टूलबार वापरणारे लोक कुठे क्लिक करतात ती माहिती हा आमच्या अनेक घटकांपैकी एक आहे. बरोबर कोण, हा वाद बाजूला ठेवू. पण मधल्या माणसाचे नाव न सांगता त्याच्या पलीकडच्याचे नाव सांगणे, याला हदीसशास्त्रात तदलीस असा शब्द आहे. तदलीस करणारा रावी नेहमीच खोटारडा असतो असे नाही, पण त्याचे 'अमक्याकडून' असे मोघम कथन तपासल्याशिवाय घेत नाहीत.

दुसरी गोष्ट रोजच्या उपयोगाची आहे. आपण गूगलशिवाय याहूवर पाहतो, डकडकगोवर पाहतो, बिंगवर पाहतो, आणि तिन्हीकडे सारखे दिसले की 'तीन ठिकाणी तेच आहे' म्हणून निश्चिंत होतो. पण याहूने २००९च्या करारानंतर बिंगचे निकाल घ्यायला सुरुवात केली, आणि डकडकगोचे नेहमीचे निकाल बव्हंशी बिंगकडूनच येतात. खाली तीन तोंडे, वर रावी एक. हदीसचे विद्वान सनदी नुसत्या मोजत नसत. त्या वर कुठे एकत्र येतात ते शोधत. दहा जणांनी एकाचेच ऐकून सांगितले असेल, तर ती दहा जणांची साक्ष होत नाही.

उघडी वही आणि बंद पेटी

इथे दोन परंपरांतला खरा फरक दिसतो. रावींची परीक्षा करणारे शास्त्र उघडे होते. बुखारींनी स्वतः रावींवर 'अत-तारीख अल-कबीर' हा ग्रंथ लिहिला. पुढे इब्न अबी हातिम, जहबी, इब्न हजर यांनी हजारो रावींच्या नोंदी केल्या : हा सिका म्हणजे विश्वासू, हा सदूक म्हणजे खरा पण थोडा कमी काटेकोर, हा जईफ, हा कज्जाब. एकाने विश्वासू म्हटलेल्याला दुसऱ्याने कमकुवत म्हटले, तर दोन्ही मते लिहिली गेली. चूक होऊ शकत होती, आणि झालीही. पण पुढच्या पिढीला ती दाखवता येत होती.

सर्च इंजिनची पेटी बंद असते. कारण सांगितले जाते की कसोटी उघड केली तर फसवणारे सोकावतील. ते खोटे नाही. पण त्याची किंमत कोण मोजतो? डिसेंबर २०१६ मध्ये ब्रिटिश पत्रकार कॅरोल कॅडवॉलडर यांनी दाखवले की गूगलवर 'मुसलमान' या शब्दाने इंग्रजीत प्रश्न सुरू केला की 'वाईट आहेत का' अशी पूर्तता यंत्रच सुचवते. ज्यूंबद्दल त्याहून भयंकर सूचना येत होती. हॉलोकॉस्ट झाला का, या प्रश्नाला पहिले उत्तर गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संकेतस्थळाचे होते. बोभाटा झाल्यावर गूगलने काही सूचना काढल्या आणि क्रमवारीत बदल केले. द्वेष करणारे संख्येने जास्त नव्हते; ते एकमेकांना दुवे देण्यात आणि तेच ते लिहिण्यात पटाईत होते. यंत्राने उत्साहाला पत समजले.

योगायोगाने हा धोका पेज आणि ब्रिन यांनीच ओळखला होता. जाहिरातीवर चालणारे सर्च इंजिन जाहिरातदाराकडे झुकणारच, असे त्यांनी १९९८च्या आपल्या निबंधात लिहून ठेवले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने बेकायदा मक्तेदारी टिकवल्याचा निर्णय दिला. फोन आणि ब्राउझरमध्ये आपणच पहिले असावे म्हणून गूगलने एकट्या २०२१ मध्ये २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मोजल्याचे त्या खटल्यात नोंदले गेले. स्वतःच्या यादीतला क्रम विकत नाही असे सांगणारी कंपनी, दुसऱ्याच्या यादीतला आपला क्रम विकत घेत होती.

मराठीतला मुसलमान कितव्या पानावर?

हे सगळे आपल्याला का लागू आहे? मराठीत आपण एकमेकांना दुवे फार कमी देतो. पुस्तकाचा दाखला देण्याची सवय कमी, पानाचा त्याहून कमी. बरीच वर्षे मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये लिहिला गेला. तो यंत्राला अक्षरे म्हणून वाचताच येत नसे. जुनी मासिके स्कॅन केलेल्या चित्रांत पडून आहेत. एकाच नावाची महंमद, मुहम्मद, मोहम्मद अशी रूपे आपण लिहितो, आणि 'हदीस' कोणी ऱ्हस्व लिहितो कोणी दीर्घ. दुव्यांवर, शब्दरूपांवर आणि क्लिकवर चालणाऱ्या यंत्रासमोर मराठी मुसलमानांचा इतिहास असा विस्कटून उभा आहे. जो ओरडून, तेच ते आणि शुद्ध युनिकोडमध्ये लिहितो, तो पुढे जातो.

फातिमा शेख यांचे उदाहरण घ्या. ९ जानेवारी २०२२ रोजी गूगलने त्यांच्यावर डूडल केले आणि त्यांचे नाव घराघरांत गेले. २०२५ च्या जानेवारीत एका पत्रकाराने समाजमाध्यमावर दावा केला की हे पात्र मीच रचले. दोन दिवसांत तो दावा सगळीकडे पसरला. आता सनद बघू. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे : तिला त्रास पडत असेल, पण ती तक्रार करणार नाही, अशा आशयाचा. हे पत्र मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात १९८८ मध्येच छापले गेले. समाजमाध्यमे तेव्हा नव्हतीच. म्हणजे रचल्याचा दावा टिकत नाही. पण तीच शिस्त आपल्यालाही लागू होते. ज्या तारखेला आपण त्यांची जयंती साजरी करतो, तिला समकालीन कागदाचा आधार समोर आलेला नाही. ती शेकडो पानांवर आहे, कारण एकाने दुसऱ्याचे उतरवले. पत्र एकच, पण सनद पक्की. तारीख शेकडो ठिकाणी, पण मूळ रावी सापडत नाही. विरोधकाचा दावा तपासायचा आणि आपल्या आवडीची तारीख सोडून द्यायची, असे चालत नाही. मुहद्दिसांनी सुऱ्यांचे गुण गाणाऱ्या बनावट हदीसही फेकून दिल्याच ना?

म्हणून तीन सवयी लावून घ्यायला हरकत नाही. महत्त्वाचा प्रश्न असेल तर दोन सर्च इंजिनांना विचारावा, पण ती दोन खरोखर वेगळी आहेत ना ते आधी बघावे. वर दिसणाऱ्या पानावर मूळ कागदाचे नाव आहे का ते शोधावे. नसेल तर ते पान जईफ समजून पुढे जावे. आणि तिसरी लिहिणाऱ्यांसाठी : आपल्या लेखात मूळ ग्रंथ, पत्र, वर्ष द्यावे आणि दुसऱ्या मराठी लेखकाचे घेतले असेल तर त्याला दुवा द्यावा. यंत्राची कसोटी आपल्या हातात नाही. यंत्राला आणि वाचणाऱ्याला आपण कोणती सनद देतो, ते मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.